भोकातली रेघ

घडियाळी पोळमध्ये, सराफाच्या माडीवर,
उत्तरेच्या खिडकीशी माझी गादी.
दुपारी बारा ते तीन इथला उजेड खोटं बोलत नाही,
म्हणून मोती मी तेव्हाच बघते.

आज पुण्याच्या विहीणबाई आल्या.
माझ्या नव्हे, दांडिया बाजारातल्या सरनोबतांच्या.
मागोमाग सुमित्राबाई सरनोबत,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत.
डबीत दुपदरी कंठा, दोरा कुजलेला.
"ओवून द्या. आणि बसऱ्याचेच आहेत ना, तेही सांगा."

मी म्हटलं, "बसा ने. जमून आलात की नाही?"
"जमून?"
त्यांची भुवई चष्म्याच्या वर गेली.

एक मोती दाताला लावला. बारीक खरखर.
काचेचा असता तर दातावरून घसरला असता.
"म्हणजे खरे," विहीणबाई म्हणाल्या.
दात एवढंच सांगतो, बाई,
की हा शिंपल्यातून आला.
शिंपल्यात कसा गेला, ते दाताला कळत नाही.

मग भिंग.
दादा म्हणायचे, मोती तोंडाने बोलत नाही, भोकाने बोलतो.
काठाला साय, सायीखाली तपकिरी रेघ,
रेघेपलीकडे पांढरा, निर्विकार मणी.

मणी कुठल्यातरी नदीच्या जाड शिंपल्याचा,
घासून घासून गोल केलेला.
दूर थंड खाडीत कुणी एकाने
जिवंत शिंपला पाचरीने जरासा उघडून
तो आत सरकवला,
सोबत दुसऱ्या शिंपल्याच्या अंगाचा तांदळाएवढा तुकडा,
आणि जाळीत घालून खाऱ्या पाण्यात टांगला.
वादळ येणार कळलं की जाळ्या खोल सोडायच्या,
पाणी लाल झालं की ओढून दुसरीकडे न्यायच्या,
शेवाळ खरवडायचं.
कितीतरी मेले.
उरलेल्यांनी न बोलावलेल्या पाहुण्यावर
पुट चढवलं, पुटावर पुट,
कागदाला जाड म्हणावं इतकं पातळ.
थंडीत हात आखडतो शिंपल्याचा, पुट घट्ट बसतं,
म्हणून हिवाळ्यात काढतात. तेव्हा पाणी चांगलं असतं,
मोत्याचं पाणी.

"कल्चर," विहीणबाई म्हणाल्या.
शब्द चिमटीत धरून त्यांनी गादीवर ठेवला.
सुमित्राबाईंचं बोट पदरातून सुटलं.
सासऱ्यांनी बसऱ्याचे म्हणून घेतले होते,
बसऱ्याचे म्हणून तीन लग्नांत मिरवले,
एकदा बसऱ्याचे म्हणून गहाणही पडले
आणि सुटले.

मी पदर खिडकीकडे धरला.
प्रत्येक मोत्यात एक खिडकी होती,
तिच्यात विजेच्या तारा, तारेवर कबुतर,
आणि वाकून बघणारा एक चष्मा.
"बसऱ्याचे पाहिलेत मी.
पिवळसर, दुधासारखा आतून येणारा उजेड.
हे टणक उजळतात, कडेला गुलाबी झाक.
भाव कमी, बाई. पाणी नाही."

त्या गप्प.
मी मेण लावलं, ओवायला घेतलं.
मोती, गाठ, मोती, गाठ.
तुटलाच तर एक जाईल, सगळे नाही.

दहाव्या गाठीला त्यांनी विचारलं,
"तुमचं मराठी जरा वेगळं आहे, नाही?
मूळचे कुठले तुम्ही?"
दादांच्या पणजोबांच्या आधीचं कुणीतरी
कुठल्याशा पथकामागून आलं म्हणे, घाटावरून.
गावाचं नाव पाच माणसं पाच सांगतात.
"भोकातून बघावं लागेल," मी म्हटलं.
सुमित्राबाई एकदम हसल्या,
मग पदर तोंडावर धरला.

निघताना सांगितलं,
अत्तर आधी, मोती नंतर.
काढल्यावर ओल्या फडक्याने घाम पुसायचा.
डबीत कोंडू नका, कापडात ठेवा.
आणि वापरा.

जिन्यात विहीणबाईंचा आवाज,
"अहो, जमून म्हणजे काय हो?"
सुमित्राबाई काय म्हणाल्या, ते खालच्या स्कूटरने खाल्लं.

तीन वाजून गेले होते.
भिंग पुसून ठेवलं.
खिडकी भिंतीवर चढली होती.